रक्तपेढीतला साधा लूप

दिल्लीत मयूर विहारमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि तिच्या जागी मी दुसरी कुणी शोधली नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून उतरले की सोमवार सकाळपर्यंत माझं कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. रविवारी अमरावतीहून आईचा फोन यायचा, तेवढाच. "जेवली का? काय करून राहिली?" मी म्हणायचे, काही नाही. खरंच काही नसायचं.

नोएडातल्या छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅम लिहायचे. त्यातला एक करोल बागेतल्या एका खाजगी रक्तपेढीसाठी होता. तिथल्या पाच फ्रिजमध्ये तापमापक बसवलेले होते. माझा प्रोग्रॅम दर अर्ध्या मिनिटाला ते वाचायचा, तापमान वर गेलं तर भोंगा वाजवायचा आणि दर तासाला आठ जणांना अहवाल मेल करायचा. मी तो पर्ल भाषेत, एकटीने लिहिला होता.

अशा प्रोग्रॅमच्या मुळाशी एक लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरत राहणारं चक्र, असतो. कोणत्या जोडणीवरून माहिती यायची आहे आणि कोणतं काम किती वाजता करायचं आहे, हे तो लक्षात ठेवतो आणि वेळ आली की ते काम करवून घेतो. मी वापरलेलं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, सुरू होताना आधी बघायचं, की मशीनवर सी भाषेत लिहिलेला एखादा वेगवान लूप आहे का. असला तर तो घ्यायचं. नसला तर स्वतःजवळचा, निव्वळ पर्लमध्ये लिहिलेला साधा लूप चालवायचं. नोएडात वेगवान लूप होता. रक्तपेढीचं मशीन जुनं होतं आणि त्यावर नवीन काहीही टाकायला तिथल्या डॉक्टरांनी मनाई केली होती. तिथे साधाच लूप चालायचा.

जूनमध्ये एका दुपारी तिथून फोन आला. एका फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं आणि भोंगा वीस-बावीस मिनिटं उशिरा वाजला होता. तोपर्यंत तिथल्या बाईंनी पिशवी काढायला हात घातला होता आणि त्यांना ती कोमट लागली होती. त्यांनी दार लावल्यावर भोंगा वाजला. सात पिशव्या फेकून द्याव्या लागल्या.

आमच्या साहेबांनी लगेच ठरवून टाकलं, की तो साधा लूपच कुचकामी आहे. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोपं होतं. मशीनवर वेगवान लूप टाकायला परवानगी मिळव, असं सांगून त्यांनी मला करोल बागेला पाठवलं.

मयूर विहारला तेव्हा मेट्रो नुकतीच आली होती. सकाळी मी थेट करोल बागेला उतरले. डॉक्टर थोडक्यात हिंदीत बोलले. मशीनवर नवीन काही बसवायचं नाही, आहे त्यात चालत असेल तर सांगा, नाहीतर आम्ही दुसरं बघतो. मला फ्रिजच्या खोलीत एक स्टूल मिळालं.

पहिल्या दिवशी मी त्या लूपचा कोड उघडून वाचला. इतके दिवस वापरत होते, पण वाचला कधीच नव्हता. वाटलं होतं त्याहून तो खूप लहान निघाला. दुपारी आईला फोन करायला बोळात गेले. माझ्यामुळे रक्त वाया गेलं असेल हे तिला सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. परत आले तर फ्रिजजवळच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, पांढरा कोट, चष्म्याला दोरी.

"तू मराठी?" त्या म्हणाल्या.

कोमट पिशवी हाताला लागली ती त्यांनाच. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या, आता हिंदूराव रुग्णालयाजवळ राहायच्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं आणि मधेमधे अख्खं वाक्य हिंदीत जायचं. तिसऱ्या वाक्याला मी त्यांना मावशी म्हणाले. आईखेरीज कुणाशी मराठीत बोलून मला काही महिने झाले होते.

"ते यंत्र आत करतं तरी काय?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की हे मी मराठीत कधी कुणाला सांगितलेलंच नाही. हा लूप दोन याद्या ठेवतो, मी म्हणाले. एकीत सगळ्या जोडण्या. दुसरीत वेळेची कामं, सगळ्यात जवळचं सगळ्यात वर. वरच्या कामाला किती वेळ उरलाय ते तो बघतो आणि मशीनला सांगतो, की यातल्या एखाद्या जोडणीवर काही आलं किंवा एवढा वेळ संपला, तर मला उठव. मग झोपतो. उठला, की वेळ झालेली कामं एकेक करून उरकतो, नंतर ज्या जोडण्यांवर काही आलंय त्यांची कामं, आणि पुन्हा याद्या बघायला जातो.

"एका वेळी एकच काम?"

"एकच. ते संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही."

"आणि ते संपलंच नाही तर?"

मला तासाचा अहवाल आठवला. तास भरला, की माझा प्रोग्रॅम आठ मेल एकामागून एक पाठवायचा आणि प्रत्येक मेलला समोरून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबायचा. नोएडात उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यायचं. इथलं इंटरनेट बंद असेल तर? मावशींना विचारलं, त्या दिवशी इंटरनेट होतं का. त्या म्हणाल्या, सकाळपासून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना मी इंटरनेटची तार काढली. मावशींनी कपात कोमट पाणी आणलं. दहाचा ठोका झाल्यावर एका रिकाम्या फ्रिजचा तापमापक मी त्यात बुडवला आणि आम्ही दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. भोंगा वाजला नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मावशींनी दोनदा पाणी बदललं. एकेका मेलमागे तीन-तीन मिनिटं वाट बघत प्रोग्रॅम अडकून पडला होता आणि लूपला पुन्हा याद्यांकडे वळायला सवडच मिळत नव्हती. दहा वाजून चोवीस मिनिटांनी भोंगा वाजला.

वेगवान लूप असता तरी हेच झालं असतं. कोणताही लूप त्याच्या हातात दिलेलं काम अर्ध्यावर तोडत नाही.

"मावशी, लूपची चूक नाही," मी म्हणाले. "माझी आहे."

त्यांनी भोंगा बंद केला, तापमापक पुसला. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना आत्ताच सांग. उद्यावर टाकशील तर जड जाईल."

मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. त्या सात पिशव्यांमधल्या दोन सहज न मिळणाऱ्या रक्तगटाच्या होत्या, एवढंच ते म्हणाले. ते वाक्य घेऊन मी बाहेर आले. साहेबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की चूक आपली होती हे लेखी देऊ नकोस. मी दिलं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

दुरुस्ती एका दिवसाची होती. मेल पाठवण्याचं काम माझ्याच कोडमधून काढून मी एका वेगळ्या प्रोग्रॅमकडे दिलं; बाहेरचं नवीन काही बसवावं लागलं नाही. मुख्य प्रोग्रॅम आता फक्त अहवाल फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. साधा लूप तसाच राहिला. तार काढून आम्ही पुन्हा पाहिलं. भोंगा अर्ध्या मिनिटाच्या आत वाजला.

मावशी नेहमी म्हणायच्या, आमच्याकडे जेवायला ये, आमच्याकडे असं करतात, आमच्याकडे तसं. मला वाटायचं, घर भरलेलं असेल. एका रविवारी मी गेले. दोन खोल्या, एक पलंग, ओट्यावर एक ताट धुऊन उपडं घातलेलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. शेजारणीकडून दुसरं ताट आणून त्यांनी मला वाढलं. निघताना त्यांनी डब्यात लोणचं दिलं आणि डबा परत आणायचा असं बजावलं.

त्या हिवाळ्यात मी आणखी तीनदा गेले. मग मला गुडगावच्या कामावर टाकलं. जायला दोन तास, यायला दोन तास. रविवारी उठायचं त्राणच उरायचं नाही. एकदा पेढीतून मावशींचा फोन आला. तिथे नवीन मशीन येत होतं आणि त्यावर वेगवान लूपही बसवणार होते. तुझ्या प्रोग्रॅममध्ये काही बदलावं लागेल का, असं डॉक्टरांनी विचारायला सांगितलं होतं. मी म्हणाले, काही नाही, तो आपणहून नवा लूप उचलेल.

"म्हणजे तुला यायची गरज नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, तशी गरज नाही, पण येईन मी, पुढच्या रविवारी नक्की. त्या म्हणाल्या, ये. पुढच्या रविवारी मी अंथरुणातच पडून होते. त्याच्या पुढच्याही. मार्चमध्ये पेढीत फोन केला तेव्हा त्या नोकरी सोडून ग्वाल्हेरला भावाकडे गेल्याचं तिथल्या कुणीतरी सांगितलं. ग्वाल्हेरचा नंबर पेढीत कुणाकडे नव्हता.