दुसरीच्या भिंतीवरचा ऑटो

विनोदिनीचा आवाज कसा आहे, हे रायपूरच्या आख्ख्या तात्यापाऱ्यात कोणालेही विचारा. आमची शाळा तिथल्याच गल्लीत. पहिलीचा वर्ग माझा, दुसरीचा तिचा. मधात भिंत आहे, पण ती पत्र्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळं तिनं 'खरगोश' म्हटलं की तिचे पोट्टे 'खरगोश' ओरडायचे आणि मागोमाग माझेही. बाहेरच्या पानठेल्यावाल्या भैयाले दुसरीचं पुस्तक तोंडपाठ होतं. अकोल्याकडची पोरगी, नवरा मारोती रेल्वेत. लग्न होऊन रायपूरले आली आणि या वर्गात उभी राहिली. बसलेली मी तिले कधी पाहिली नव्हती.

त्याच आवाजानं तिचा घात केला. तिच्या वर्गात पायल नावाची पोट्टी आहे, सगळ्या शाळेच्या नाकात दम आणणारी. एकदा ती उभी राहून सशाचा धडा घडाघडा वाचून राहिली होती. विनोदिनी खुश होऊन जवळ गेली, तर पुस्तक उलटं. पहिलीत मीच त्या पोट्टीले पैकीच्या पैकी दिले होते, पण तो विषय इथे नको.

मग विनोदिनीनं एकेकाले तपासलं. अर्ध्या वर्गाचं तेच. स्टाफरूममध्ये येऊन ती रडली.

"विजया, यांनी माझा आवाज पाठ केला वं. वाचता कोणालेच येत नाही."

"पाठ तर केला नं," मी म्हटलं. "आजकाल तेवढं तरी कोण करते?"

त्या दिवशी तिनं मले डब्यातली भाजी दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती कुठल्याशा ट्रेनिंगले गेली आणि नवीनच खूळ घेऊन आली. रोज थोडा वेळ पोरांनी आपलं आपण वाचायचं. टोपलीतलं आवडेल ते पुस्तक घ्यायचं, आवडेल त्या जागी चप्पल काढून बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, हसू आलं तर मनात हसायचं. बाईंनी कोपऱ्यात बसून एकाच पोराचं वाचणं ऐकायचं, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी बाईंले हाक मारायची नाही.

"आणि तू काय करशील?"

"मी गप बसीन."

चहा माझ्या नाकात गेला.

तिनं भिंतीवर रस्ता काढला. तात्यापाऱ्यातून निघून शारदा चौक, फाफाडीह, खमतराई आणि शेवटी भनपुरी. त्यावर पुठ्ठ्याचा ऑटो, आणि ऑटोची दोरी कोपऱ्यात तिच्या हातात. वर्ग गप आहे तोवर ती दोरी हळूहळू ओढणार. कोणी तोंड उघडलं की ऑटो तिथेच उभा, वाचन बंद, पुढचं उद्या.

सुरुवातीले ऑटो शारदा चौकाच्या पुढे जाईना. काहून? तर बाईच थांबवायच्या. कोपऱ्यातलं पोर नीट वाचू लागलं की ही गरजायची, "शाब्बास!" लगेच पोट्टे म्हणायचे, "मैडम, ऑटो रुक गया." पोरं आठवड्यात शिकली, बाईंले महिना लागला. शेवटी ती तोंडात पदर कोंबून बसू लागली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

त्या ट्रेनिंगमधली एक गोष्ट मात्र मले फार आवडली. कोणताही नियम शिकवायचा तर आधी एकानं तो उलटा करून दाखवायचा. वर्गानं टाळ्या वाजवायच्या. मग त्याच माणसानं तो सीधा करून दाखवायचा. उलटं दाखवायचा मान अर्थातच पायलचा. ती पुस्तकावर बसायची, शेजारणीची वेणी ओढायची, छताकडे पाहत गाणं म्हणायची. तिची कला पाहायले मी खडू संपल्याचं निमित्त काढून दाराशी जात असे. पण यातच खरी खोच होती. रोज उलटं करणारीले रोज सीधंही करावं लागे. संक्रांतीपर्यंत ती ओळीखाली बोट धरून खरोखर वाचू लागली होती, आणि पुस्तक सुलटं होतं.

तेवढ्यात माशी शिंकली. सदर बाजारातल्या पालकांनी तक्रार केली की आम्ही फीस देतो आणि मॅडम गप बसून राहतात. शाळेचे सेक्रेटरी नरहरराव स्टाफरूममध्ये आले. जुन्या घराण्यातला माणूस, बोलणं मऊ, निर्णय कडक.

"विनोदिनीबाई, पगार शिकवण्याचा आहे, बसण्याचा नाही. सोमवारी मी वर्गात येतो. शिकवणं दिसलं नाही तर तुम्ही फीच्या खिडकीत बसा. तिथे बसूनच काम असतं. दुसरी विजयाबाई सांभाळतील, पहिलीसोबत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसरी, वरून पायल.

"एक दिवस जुनं कर वं," मी तिले म्हटलं. "सोमवारी जोरात खरगोश म्हण. साहेब गेले की बस मग गप."

"नाही. पायल आता कुठे वाचून राहिली." तिचे डोळे भरून आले. "पण त्या खिडकीत मी मरीन, विजया."

मले तिचा राग आला आणि तिचा अभिमानही वाटला. राग जरा जास्त होता.

सोमवारी मी माझ्या पोट्ट्यांले हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलं आणि दुसरीच्या दाराशी उभी राहिली. वर्ग चिडीचूप. ऑटो फाफाडीहच्या पुढे गेलेला. विनोदिनी कोपऱ्यात, एका हातात दोरी, तोंडात पदर. नरहरराव आले ते जोड्यांसकट सतरंजीवर. त्यांचा मोबाइल वाजला. "सिमेंटच्या गोण्या आल्या का? नाही आल्या? काहून नाही आल्या?" बोलता बोलता टोपलीतलं एक पुस्तक उचललं, पाहिलं आणि भलतीकडेच टाकलं. विनोदिनीची दोरी थांबली. ऑटो गेला, खिडकी आली, असं माझ्या मनात आलं.

पायल उठली. टाळ्या वाजवू लागली. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला.

"बहुत अच्छा, सर," ती म्हणाली. "उल्टा तो आपने एकदम बढ़िया किया. अब सीधा करके दिखाइए."

ती भोळेपणानं बोलली की मुद्दाम, हे मले अजून कळलं नाही. विनोदिनी पांढरीफटक. नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं पदर काढला नाही. मग त्यांनी पोरांकडे पाहिलं. एवढाले डोळे वाट पाहून राहिले होते. आता रागवावं तर शोभत नाही आणि निघून जावं तर हार होते.

त्यांनी मोबाइल बंद केला. जोडे काढले. पायलनं त्यांना खिडकीखालची जागा दिली आणि बकरीच्या गोष्टीचं पुस्तक हातात ठेवलं. सेक्रेटरी मांडी घालून वाचू लागले, आणि विनोदिनीनं 'पुढचं उद्या' त्या दिवसापुरतं विसरून दोरी पुन्हा ओढली. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलले.

पायलनं मान वर न करता बोटानं तोंड मिटून दाखवलं. ते मनात हसू लागले. चपराशी बोलवायले आला, तर त्यांनीच तोंडावर बोट ठेवून त्याले परत पाठवलं. ऑटो खमतराईवरून सरकला आणि पहिल्यांदा भनपुरीले पोचला.

गुडघे धरत ते उठले.

"बाई, बकरीनं पंचायतीचा कागद खाल्ला, इथवर आलो," ते म्हणाले. "उद्या किती वाजता बसता?"

फीची खिडकी टळली. विनोदिनी पदरात तोंड घालून रडली, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण दाराशी पोचल्यावर साहेबांना मी दिसली.

"विजयाबाई, पहिलीत कधी सुरू करता?"

तर आता ते खूळ माझ्याही गळ्यात आहे. सुरू करून द्यायले विनोदिनीनं पायलले पाठवलं. माझ्या पोट्ट्यांसमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मैडम, पहले आप उल्टा करके दिखाइए."

"उलटं म्हणजे कसं करू?"

"कुछ नहीं, मैडम. जैसा रोज करती हैं, बस वैसा ही."

भिंतीवरून विनोदिनीचं हसणं ऐकू आलं, पानठेल्यापर्यंत पोचेल असं. पाठोपाठ दुसरीच्या पोट्ट्यांनी सांगितलं की ऑटो थांबला.