बूम स्टँडला टांगलेले कांदे

शिरूरला खताच्या दुकानाच्या वर माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मी काढतो, पाटीवर नावही माझंच आहे. पण माझ्या फोटोंची जी काही तारीफ होते ती खरं तर उजेडाची असते, आणि उजेड माझी बायको लावते. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. फुशारकीची सवय लागली की असल्या गोष्टी जिभेवर येत नाहीत.

ती कासुर्डीची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. स्टुडिओत आली ती गिऱ्हाइकं सांभाळायला, आणि वर्षभरात तिने मला बूम स्टँड घ्यायला लावला. एक उभा खांब, त्यावर लांब आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढरं कापड लावलेला पेटीसारखा दिवा, आणि दुसऱ्या टोकाला तोल राखायला वजन. खांब बाजूला राहतो, दिवा मात्र माणसाच्या डोक्यावर येतो. मला वाटायचं, दिवा वर टांगला की झालं. ती मात्र बोटभर पुढे, बोटभर मागे करत राहायची. दिवा अगदी डोक्यावर आला तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, फार पुढे आला तर चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. मधली जागा तिला बघताक्षणी सापडते. रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला येतात. तिने दिवा लावला की पोराची सख्खी आईसुद्धा फोटो दोनदा बघते.

तिचा एक नियम होता. गिऱ्हाइकाआधी दिव्याखाली ती स्वतः बसायची. "लोकाच्या डोक्यावर आपन काय टांगलंय, ते आधी आपल्या डोक्यावर बघावं," असं म्हणायची. मला त्या सोपस्काराचा भारी वैताग यायचा.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या माहेरचे एक आप्पा आले. पांढरी टोपी, दाट भुवया, डोळे खोल गेलेले. जिना चढून इतके धापत होते, की पुन्हा काही यांचं येणं होत नाही हे आम्हा दोघांनाही कळलं. दम खाऊन मला म्हणाले, "पाव्हणं, भिंतीवर लावायला फोटू काढा. मी गेल्यावर पोरं आधार कार्डावरचाच मोठा करत्याल. त्यात माझं डोळंच दिसत न्हाईत. नातवंडांना कळाय पायजे, आजा कसा बघत हुता."

त्यांचं मागणं एवढंच होतं, डोळे दिसले पाहिजेत.

वजनाची वाळूची पिशवी त्याच आठवड्यात उसवली होती. सासरवाडीहून आलेली कांद्याची पाच किलोची जाळीची पिशवी मीच तिच्या जागी टांगली होती, आणि स्वतःच्या अकलेवर खूश होतो. आप्पा आले त्या सकाळी, बायको स्टुडिओत यायच्या आधी, खालचा भजीवाला कांदे संपले म्हणून वर आला. त्याने चार मागितले. मी दिलदारपणा करून दहा दिले. आपण कुठल्या पिशवीत हात घालतोय याचं भानच नव्हतं.

आप्पांना पाणी देऊन ती नेहमीसारखी स्टुलावर बसली. मी दिवा पुढे ओढला. दांडा कलला आणि अख्खा स्टँड माझ्या हातातून निसटून तिच्या अंगावर गेला. तिने मान बाजूला घेतली म्हणून डोकं वाचलं, दणका खांद्यावर बसला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "दांड्याचा नॉब आवळता येत नाही का तुला?"

ती उठली, उजव्या हाताने पिशवी उचलून अंदाज घेतला. "किलोभर कमी हाय. कांदं कुनी काढलं?"

मी सांगितलं. लाज वाटली, अगदी आप्पांच्या देखत वाटली.

"ऱ्हाऊ दे लेकी, डाक्टरकडं जा," आप्पा म्हणाले.

"न्हाई आप्पा. एवढा जिना चढून आलाय. आता डोळं घिऊनच जायाचं."

डावा हात छातीशी धरून ती मला कामं सांगू लागली. पिशवीत पाण्याची भरलेली बाटली घालायला लावली, तोंड बांधायला लावलं, नॉब स्वतः तपासला. मग मलाच स्टुलावर बसवून दांडा हलवून बघितला. मी निमूट बसलो. त्यानंतर आप्पा बसले. त्यांच्या मांडीवर तिने थर्माकोलचा तुकडा ठेवला, खालून उजेड परतावा म्हणून. "खाली घ्या. आजून. आता पुढं. लई झालं, मागं घ्या." दुखण्याने तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती ना दिव्याकडे बघत होती ना खांद्याकडे. वाकून फक्त आप्पांच्या डोळ्यांत बघत होती. त्या खोल डोळ्यांत दिव्याचा इवलासा पांढरा चौकोन उमटला, तशी म्हणाली, "काढा."

आप्पा स्क्रीनवर बराच वेळ बघत राहिले. "व्हय, ह्यो मी हाय," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आमची म्हातारी गेली तवा तिचा एक फोटू न्हवता. कुनाच्या तरी लग्नातला कापून लावला. त्यात बी ती खाली ताटाकडं बघतीया. ह्या लेकीचा हाय का वो?"

तिचा असा एकही फोटो नव्हता. ती दिव्याखाली बसली की उजेड बघायला दर वेळी मी तिचा एक फोटो काढायचो. वर्षानुवर्षं काढले. आणि गिऱ्हाईक बसलं की पहिला तो पुसायचो, मेमरी कार्डात जागा अडते म्हणून.

तिला तिथेच स्टुलावर बसवलं. दिवा मी लावला. पाच फोटो काढले, पाचही वेळा तिच्या डोळ्यांच्या जागी काळोख. दिवा कुठे न्यावा तेच मला कळेना. तिला विचारायचीही हिंमत होईना.

"असू द्या," ती म्हणाली. "आप्पांची चौफुल्याची एसटी चुकंल. आधी त्यांची प्रिंट काढा." आणि खांदा धरून उठली.

प्रिंट निघत असताना माझं बोट सवयीने पुसायच्या बटणावर गेलं. मी कॅमेरा बंद करून ठेवला. ते पाचही फोटो अजून माझ्याकडे आहेत.