आर्डिथची एकच वही

१९६९ साली हॉलिवूडमध्ये लिओ हार्कवीचं नाव माहीत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पण त्याच्या कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, घडीच्या खुर्चीवर, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून सत्तावीस वर्षं कोण बसत होतं, असं विचारलं असतं तर बाहेरच्या कुणाला सांगता आलं नसतं.

ती आर्डिथ लुंडीन. मिनेसोटातल्या एका लोहाराची थोरली लेक. कोणता शॉट किती सेकंदांचा झाला, नटाच्या कुठल्या हातात कप होता, सिगारेट कुठवर जळली होती, काम कशामुळे आणि किती वेळ थांबलं, सगळं तिच्या वहीत असायचं. "नट विसरला तर चालतं, दिग्दर्शक विसरला तर चालतं. मी विसरून चालत नाही," असं ती म्हणायची, आणि म्हणताना मान जरा ताठ व्हायची.

हार्कवी तेव्हा चौऱ्याहत्तरचा होता. डबाबंद सूप विकणाऱ्या एका कंपनीने स्टुडिओ विकत घेतला होता. जुने मालक गेले होते, शूटिंगचे निम्मे फ्लोअर टीव्हीच्या मालिकांना भाड्याने दिले होते. चार वर्षं घरी बसल्यावर म्हाताऱ्याला एक लहानसा सिनेमा मिळाला होता, तीस दिवसांत उरकायचा.

दहाव्या दिवशी ड्वाइट प्रुएटने आर्डिथला वर बोलावलं. हा नवा अधिकारी, अजून तिशीही न गाठलेला.

"बसा, मिस लुंडीन. कॉफी घेणार?"

"खाली दिवे लावून झालेत. काय ते बोला."

"म्हातारा थकलाय हो. दहा दिवसांत आपण दोन दिवस मागे पडलोय. तो काय विसरतो, कुठे अडखळतो, तेवढं वेगळ्या कागदावर लिहून रोज मला देत जा. त्याच्या जागी आमचा एक मुलगा तयार आहे. तुमचंही इथे कायमचं झालं असं समजा."

आर्डिथ बसलीच नव्हती, त्यामुळे उठायचा प्रश्न नव्हता. "वेगळा कागद मी कधी ठेवला नाही. माझी वही एकच आहे."

"मग शुक्रवारी तीच घेऊन या. सगळ्यांसमोर वाचू."

खाली येऊन तिने हार्कवीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो चष्मा पुसत होता.

"वहीत काय लिहिलंयस?"

"जे झालं ते."

"माझं विसरणंही?"

"तेही."

"मग झालं तर. घेऊन जा."

त्याला सोपं वाटलं, तिला नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एकटीच बसून ती वही चाळत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं. फाडलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली. मग तिने वही मिटली आणि गार झालेलं सँडविच खाल्लं.

शुक्रवारी टेबलाभोवती प्रुएट होता, हार्कवी होता, आणि निर्मितीची व्यवस्था बघणारा गस टोमासेक होता, ज्याची त्याच स्टुडिओत तीस वर्षं गेली होती. आर्डिथ उभी राहून वाचू लागली.

"एकूण वेळ वाया गेला एकोणीस तास एक मिनिट. त्यातले सात तास, वरच्या कार्यालयातून बदललेले संवाद उशिरा आले म्हणून. पाच तास, सूप कंपनीचे पाहुणे फोटो काढायला सेटवर आले म्हणून. साडेसहा तास, भाड्याची क्रेन बिघडली म्हणून."

प्रुएटच्या कानशिलांवर लाली चढली. आर्डिथ थांबली.

हार्कवीने टेबलावर बोट वाजवलं. "पुढचं वाच, आर्डिथ."

तिने पान उलटलं. आवाज मात्र तोच ठेवला. "बुधवार. दिग्दर्शकाने नायिकेला दुसऱ्याच नटीच्या नावाने हाक मारली. नायिकेला रडू आलं. अकरा मिनिटं. त्याच दुपारी दिग्दर्शकाने चुकीचं दार उघडायला लावलं. वीस मिनिटं."

"एकतीस मिनिटं," हार्कवी म्हणाला. "ती माझी. कबूल."

टोमासेकने घसा साफ केला. "ड्वाइट, न्यूयॉर्कला मालकांना हे तू कळवतोस की मी कळवू?"

म्हाताऱ्याला काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. सिनेमा एकतिसाव्या दिवशी पुरा झाला. शेवटचा शॉट झाल्यावर हार्कवी आर्डिथकडे वळला. इतक्या वर्षांत शॉट झाल्यावर त्याने तिला फक्त "किती सेकंद?" एवढंच विचारलं होतं.

"कसा झाला?" त्याने विचारलं.

"तुमच्या हातून झालेल्या चांगल्या चारपाचांतला एक," ती म्हणाली.

"चार की पाच?"

"चार."

म्हातारा असा काही हसला की वर दिव्यांपाशी बसलेली माणसंही खाली वाकून बघू लागली.

सिनेमा दोन आठवड्यांत थिएटरांतून उतरला, आणि हार्कवीला पुढचा कधी मिळाला नाही. पण त्या शुक्रवारची गोष्ट ऐकलेले, केस वाढवलेले नवे दिग्दर्शक आर्डिथला आपल्या सेटवर बोलावू लागले. एकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही हार्कवीबरोबर होता ना? मग सगळं खरंखरं लिहाल ना?"

"त्यांचं लिहिलं," आर्डिथ खुर्ची उघडत म्हणाली, "तर तुझं काय सोडणार आहे, पोरा?"