चौकातला फ्लेक्स आणि किलिमांजारो

अण्णांना सरळ रेषेत चालता येत नव्हतं. किलिमांजारो म्हणजे टांझानियाचाच नव्हे, अख्ख्या आफ्रिकेचा सर्वांत उंच डोंगर. त्याच्या शेवटच्या कॅम्पवर मी प्रत्येकाची साधी टेस्ट घेते. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत चालायचं. झोक गेला, तर विरळ हवेचा त्रास मेंदूपर्यंत पोचलाय असं समजायचं. औषध एकच, ताबडतोब खाली उतरणं.

अण्णा आष्टी तालुक्यातल्या कडा गावचे बागायतदार आणि पुढारी. मी अंबाजोगाईची, ट्रेक लीडर.

"अण्णा, तुम्ही आत्ताच खाली जाताय."

"न्हाई जमायचं, ताई. चौकात फ्लेक्स लागलाय."

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. आपल्याकडे कामाआधी अभिनंदन होतं. विमान उडायच्या आतच कार्यकर्त्यांनी ‘किलिमांजारो सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ लावून टाकलं होतं. मधोमध अण्णा, पुरुषभर उंच. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी सोबत आल्या होत्या, पण फ्लेक्सवर त्या खाली, शुभेच्छुकांच्या ओळीत, नखाएवढ्या.

"फ्लेक्स काढता येतो. उशीर केला तर तुम्हाला स्ट्रेचरवर न्यावं लागेल. कदाचित तेही उपयोगाचं नसेल."

"इथं पुढारी कोण हाय?"

"इथं मी, अण्णा."

मी आवाज हलू दिला नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे.

वहिनी सॅक भरू लागल्या. "मी बी येते खाली."

"तू कावून? तुला काय झालंय?" अण्णा खेकसले. "जा वर. एकानं तरी फ्लेक्सची लाज राखावी."

लोकल गाइड त्यांना घेऊन उतरला. वहिनींची चाल पहिल्या दिवसापासून एकच होती, संथ. त्याच चालीनं त्या सूर्य वर येताना शिखरावरच्या पाटीजवळ पोचल्या, डोक्यावर पदरासारखा स्कार्फ घेऊन. रडले ते मीच. त्या म्हणाल्या, "ह्यांचं डोकं दुखायचं थांबलं असंल का?"

थांबलं होतं. खाली अण्णा चहा पीत बसले होते. त्यांनी शिखरावरचा फोटो बराच वेळ पाहिला, मग गावाकडं फोन लावला.

सत्काराला मी कड्याला गेले, तेव्हा चौकात नवा फ्लेक्स होता. मजकूर तोच. मधोमध वहिनी, पुरुषभर उंच. अण्णा खाली, शुभेच्छुकांच्या ओळीत. पुढाऱ्यानं स्वतः होऊन त्या ओळीत जागा घेतलेली मी आमच्या भागात पहिल्यांदाच पाहिली.

आता नव्या क्लाएंटला बूट, जॅकेट, औषधं सांगून झाली की शेवटी बजावते: फ्लेक्स परत आल्यावर छापा. फोटो कुणाचा लागेल, सांगता येत नाही.