भर पावसात वितळलेले बूट

टेबलावर बुटांच्या अकरा जोड्या होत्या आणि तक्रारीच्या कागदावर एकच ओळ होती. 'पाणी आत शिरते, सोल सुटतो.' मी पहिला बूट पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला, आत टिपकागद घातला आणि अर्धा तास थांबले. कागद कोरडा निघाला. दुसऱ्याचाही कोरडा. संध्याकाळपर्यंत सगळे बूट झाले, एकातही पाण्याचा थेंब शिरला नव्हता. सोल मात्र सगळ्यांचे टाचेकडून उघडलेले होते.

बुटीबोरीच्या एका बुटांच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. लोकांनी परत पाठवलेला माल माझ्या टेबलावर येतो आणि बूट का गेला ते मी सांगायचं असतं. कोणी मोटरसायकलच्या सायलेन्सरला टेकवून जाळतो, कोणी वरातीत चार तास नाचतो, आणि सगळे लिहितात 'आपोआप झाले'. बावीस वर्षांत मी एवढं शिकले की गिऱ्हाईक खोटं बोलतं, बूट बोलत नाही.

हे बूट तर मीच निवडून दिले होते, म्हणून जरा जास्त झोंबलं.

फेब्रुवारीत घाटोळे सर कारखान्यात आले होते. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. सावनेरकडे घरच्या पडीक जमिनीवर त्यांनी डिस्क गोल्फचं मैदान केलं होतं. हा खेळ मलाही तेव्हा नवीनच होता. ताटासारखी चपटी डिस्क एका ठरलेल्या जागेवरून फेकायची, त्या जागेला टी म्हणतात. लांबवर खांबाला साखळ्या लटकवलेली बास्केट असते. कमीत कमी फेकीत डिस्क त्या बास्केटमध्ये पाडायची. अशा नऊ बास्केट. म्हणजे दोन-अडीच तास शेतातून चालणं, तेही काळ्या मातीतून.

"मॅडम, पावसाळ्यात पण खेळा लागते," सर म्हणाले होते. "आणि मले शुगर आहे. डॉक्टर म्हणते, पाय ओला नको, पायाले जखम नको. मले असा जोडा द्या का खाली काय आहे ते पायाले समजलंच नाही पाहिजे."

मी मनापासून निवडले. डिस्क फेकताना मागचा पाय जमिनीवरून घासत येतो, म्हणून पुढे रबराची टोपी. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, म्हणजे लेसच्या फटीतून पाणी जात नाही. आत वॉटरप्रूफ पडदा. तळाच्या खाचा रुंद, कारण अरुंद खाचेत काळी माती एकदा बसली की पायाला शेर-शेर ओझं होतं. आणि सोल चांगला जाड. सरांनी घालून, चालून पाहिले आणि ते खूश झाले. क्लबातल्या सगळ्यांनी तेच घेतले.

आता तेच बूट उघडे पडून माझ्यासमोर होते. भिंगातून पाहिलं तर सोल फाटला नव्हता. सोल आणि वरचा भाग जोडणारा गम मऊ होऊन पाकाला तारा सुटाव्या तसा ओघळला होता आणि पुन्हा घट्ट झाला होता. आमचा गम आम्ही सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून ओढून तपासतो, नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे ठेवूनच. मे महिन्यात एकही तक्रार आली नव्हती. हे बूट ऑगस्टमधले होते, आठ दिवस न थांबलेल्या पावसाच्या झडीतले.

खाचांतली माती मी टाचणीने कोरली. ती काळी नव्हती. भाजलेल्या विटेसारखी तांबूस होती आणि तिच्यात पिवळी पूड होती. नाकाजवळ नेली तर पेटलेल्या आगकाडीचा वास आला. कोणी पाहत नव्हतं, तरी मी खुर्ची जरा मागे घेतली.

आमचे मॅनेजर कोहळे साहेब दारातूनच म्हणाले, "मॅडम, ती तक्रार बंद करा न. कस्टमर मिसयूज टाका."

"सर, झडीत गम वितळला कसा?"

"शेकोटीपाशी ठेवले असतील."

"अकराही जणांनी?"

"क्लब आहे न त्यायचा. सोबतच शेकून राहिले असतील."

मी घाटोळे सरांना फोन लावला. शेकोटी वगैरे काही नव्हती. "पण मॅडम, लवकर करा," ते म्हणाले. "रविवारी स्पर्धा आहे आमची. तालुक्यातल्या शाळांचे साठ पोट्टे येऊन राहिले."

"पाऊस आला तर मुलं थांबणार कुठे?"

"त्याची चिंता नाही. सातव्या टीवर टिनाचं शेड टाकलं, बाक ठेवले. मैदानात तेवढीच एक जागा आहे, जिथं कितीही पाणी पडू द्या, चिखल होत नाही. आम्ही सारे तिथंच थांबतो. दोन मिनिटांत कोरडी होते."

टेबलावरचे बूट माझ्यासमोरच होते. मी म्हटलं, उद्या येते.

गुरुवारी सकाळी अख्खं नागपूर ओलांडून गेले. पर्समध्ये ओव्हनचा सळईवाला थर्मामीटर घेतला होता. सर फाटकाशी छत्री घेऊन उभे होते, पायात माझेच बूट; स्वतःची जोडी तेवढी त्यांनी परत पाठवली नव्हती. सहाव्या बास्केटपर्यंत सगळं हिरवं होतं, बेडूक ओरडत होते, गुडघाभर गवत. सहाव्याच्या पुढे चढ लागतो. चढ संपला आणि माझ्या लक्षात आलं की बेडकांचा आवाज थांबला आहे.

सातव्या टीवर गवत नव्हतं. पाऊस पडत होता आणि जमीन कोरडी होती. थेंब पडायचा, डाग उमटायचा, डाग नाहीसा व्हायचा. शेडखालच्या एका भेगेतून भाताच्या झाकणाखालून येते तशी बारीक वाफ येत होती. पलीकडे बास्केट होती. वारा अजिबात नव्हता, तरी तिच्या साखळ्या हळूहळू किणकिणत होत्या.

"ती साखळी का वाजते, सर?"

"वाजत राहते ती. आम्ही गमतीनं म्हणतो, आपल्याआधी कोणीतरी खेळून गेलं." सर हसले. मला हसू आलं नाही.

बांधावर एक बाई टोपल्यात गोवऱ्या भरत होती. भर झडीत गोवऱ्या, आणि त्याही वाळलेल्या. सरांनी ओळख करून दिली, शेजारच्या वस्तीतल्या सुमनबाई, मैदानाचं गवत त्याच कापतात.

"इथं वाळवता तुम्ही?" मी विचारलं.

"हाव जी. आमच्या वस्तीतल्या साऱ्याच बाया इथं टाकतात पावसाळ्यात. मागच्या साली दोन दिवसांत वाळे. औंदा एका दिवसात. परवा तं करपल्याच. म्हून मी आता या बांधावर टाकून राहिली."

"का तापते ही जागा?"

"खालून जुनी खाण गेली हाये न. माह्या सासऱ्यानं काम केलं तिच्यात. बंद पडली, पण कोळसा तं हायेच."

"काहीतरीच बोलतं वं सुमन," सर म्हणाले. "ते खाण नाल्यापलीकडेच संपते. नकाशात आहे."

"नकाशा वरून काढला असन, सर. सासरा खालून चाले."

मी तिला विचारलं, हे सरांना आधी सांगितलं का नाही. "सरनं इचारलं काय?" ती म्हणाली आणि टोपलं उचलून ठेवलं.

मी बाकाजवळ सळई टेकवली. अठ्ठ्याहत्तर. वीतभर आत खुपसली तर आकडा चढतच गेला, दीडशेच्या पुढे मी पाहिलंच नाही, कारण हातातली प्लास्टिकची मूठ मऊ लागायला लागली होती. बुटांचं कोडं सुटलं होतं. पावसापासून वाचायला मंडळी रोज इथे येऊन उभी राहायची आणि जाड सोल त्यांचे पाय सांभाळत खालून वितळत होता. उरलेलं कोडं रविवारचं होतं. या टिनाखाली साठ मुलं दाटीवाटीने उभी राहणार होती आणि त्यांच्या खाली काय शिल्लक होतं, कोणालाच माहीत नव्हतं.

"सर, स्पर्धा इथे घेऊ नका. हे शेड आजच बंद करा."

सरांचा चेहरा उतरला. तीन वर्षं त्यांनी या जमिनीवर घातली होती, ते मलाही दिसत होतं. "मॅडम, तुमचं मशीन ओव्हनचं आहे. जमिनीले काहून लावून राहिल्या? थोडी कोमट असते जागा, बस."

"हात लावून बघा." मी तळवा टेकवला आणि लगेच उचलला. तळव्याला चटका बसला होता.

"थांबा, मीच पाहतो." ते बाकावर बसले, बूट काढले, मोजे काढले आणि उघड्या पायांनी टीवर जाऊन उभे राहिले. मी नको म्हणेपर्यंत झालंही. त्यांनी हात पसरले. "पाहा. काहीच नाही. कोमट पण नाही लागून राहिली. सुमन, पाह्य वं, उभा आहो न मी?"

ते आरामात उभे होते. वरून टिनावर पाऊस वाजत होता, मागे साखळ्या किणकिणत होत्या आणि सर मला सांगत होते की पहिल्या वर्षी इथे त्यांनी कडुनिंब लावला होता, तो का जगला नाही कोण जाणे. क्षणभर मलाच माझा तळवा खोटा वाटला. मग सुमनबाई एकदम ओरडली, "सर, पाय! पाय पाहा तुमचे!"

सरांनी एक पाय उचलून वळवून पाहिला. तळवा लालबुंद झाला होता आणि टाचेवरची कातडी पांढरी पडून सुटली होती. ते त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे पाहत राहिले. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नसेन.

"हे केव्हा झालं?" ते शांतपणे म्हणाले.

साखरेमुळे त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. केव्हा गेली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण माझे बूट घातल्यापासून तपासायची वेळच आली नव्हती. सुमनबाईने आणि मी त्यांना दोन्हीकडून धरून खाली आणलं. तिने घागरभर पाणी पायांवर ओतलं. मी गाडी थेट नागपूरला दवाखान्यात घेतली. वाटेत पाय ओल्या पंच्यात गुंडाळून सरांनी एकेका शाळेला फोन केला आणि स्पर्धा रद्द केली. शेवटचा फोन ठेवल्यावर ते मागच्या सीटवर रडले. दुखत नव्हतंच त्यांना.

कोहळे साहेबांना मी म्हटलं, कंपनीच्या कागदावर तहसीलीला पत्र देऊ या. ते म्हणाले, "मॅडम, आपण जोडे बनवतो. जमिनीचं सर्टिफिकेट देत नाही." मग मी माझ्या नावाने दिलं. त्यावर शिक्का पडला आणि पुढे काही झालं नाही.

रविवार गेला. पाऊसही फारसा आला नाही. नऊ दिवस त्या जागेला काही झालं नाही, आणि कारखान्यात मला 'भूतवाल्या मॅडम' म्हणायला सुरुवात झाली. कँटीनमध्ये कोणी खुर्ची सरकवून म्हणायचं, बसा मॅडम, गरम नाही. मी चहा पिऊन उठायची. खरं सांगते, दहाव्या दिवशी मलाही शंका यायला लागली होती.

अकराव्या दिवशी दुपारी सुमनबाईचा फोन आला.  "मॅडम, गेलं. टिन, बाकं, बास्केट, सारं गेलं खाली. आवाजसुद्दा मोठा नाही झाला जी. मी बांधावर होती. पाह्यलं तं शेड होतं, पुन्हा पाह्यलं तं नव्हतं."

"कोणी होतं का तिथे?"

"कोणीच नाही. पण साखळी वाजून राहिली, मॅडम. खालून. अजून वाजून राहिली."

ती दुसऱ्या सकाळपर्यंत वाजत होती असं वस्तीतल्या बाया सांगतात. मग तहसीलीतले आले, खाणीची माहिती असलेले साहेब आले, तारेचं कुंपण पडलं. दगडी कोळशाला फटीतून हवा लागली की तो आतल्या आत वर्षानुवर्षं धुमसतो आणि वरचा थर पोकळ होत जातो, असं त्यांनी समजावून सांगितलं. सुमनबाई म्हणाली, हेच तर सासरा सांगे.

तक्रार बंद करताना फॉर्मवर कारणाच्या तीनच चौकटी होत्या. माल खराब, काम खराब, गिऱ्हाइकाची चूक. मी तिन्ही रिकाम्या सोडल्या आणि खाली लिहिलं, 'जमीन'. कोहळे साहेबांनी सही केली. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढला आहे. बूट घालून आपण कुठे उभे होता?

दिवाळीनंतर घाटोळे सर काठी टेकत आले. जखम भरायला दोन महिने लागले होते आणि उजव्या पायाची करंगळी काढावी लागली होती. गावाच्या दुसऱ्या अंगाला, नकाशा आणि सुमनबाई दोघांनाही विचारून, त्यांनी सहा बास्केटचं नवं मैदान आखलं होतं.

"मॅडम, आता असा जोडा द्या का खालचं समजलं पाहिजे."

 त्यांच्या पायांना समजेल असा बूट जगात कोणी करत नाही. शेवटी लाइनवरून एक पट्टी आणली. गम सुकवायचा कमी आचेचा ओव्हन ठरल्यापेक्षा जास्त तापला का हे कळायला आम्ही ही पांढरी पट्टी लावतो. पन्नास अंश झाले की ती काळी होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. ती मी त्यांच्या सोलच्या कडेला बसवून दिली.

"आणि उन्हाळ्यात?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात नागपुरात ती अशीच काळी होईल, सर. तेव्हा घरी बसा."

चांगला बूट पाणी बाहेर ठेवतो, आणि त्यासोबत खालची खबरही बाहेरच राहते. आमच्या कॅटलॉगमध्ये हे छापत नाहीत, आता मी गिऱ्हाइकाला तोंडाने सांगते. सर रोज सकाळी खेळून झालं की पट्टीचा फोटो पाठवतात, खाली एकच शब्द, 'पांढरी'. तो आल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.