कापूर तेवढा कळतो

आज आमच्या घरच्या आरतीला दीपमाला आली नाही. गेले काही महिने ती रोज यायची, आणि तिच्या येण्यामागे देव नव्हता, हे मला ठाऊक होतं.

धायरीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ही दोघं आली, तेव्हा लग्न नवंच होतं. ती अमरावतीची. तिचा नवरा प्रज्ञेश इथलाच, विश्रांतवाडीचा. दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. तो बौद्ध, म्हणून तिच्या वडिलांनी दार लावून घेतलं. "प्रेमासाठी चाललीस ना, मग त्याच्यावरच जग," म्हणाले. परत जायला घर नाही, हे ती हसत सांगायची. तेव्हा हसता येत होतं.

जमलं ते कंपनीच्या बसमध्ये. प्रज्ञेशने इंटरनेटवर कुठलंसं संशोधन वाचलं होतं. "काकू, रोज तोच चेहरा दिसला की मेंदूला तो आपला वाटायला लागतो म्हणे. माझी बस चुकली असती तर हिने ड्रायव्हरशी लग्न केलं असतं."

"ड्रायव्हर बिडी ओढायचा," दीपमाला म्हणाली. "एसीत मला थंडी वाजली, याने स्वेटर दिला. त्या वासाने माझं वाटोळं केलं."

मग सिंहगड रस्त्यावर ती स्कूटरवरून पडली. डोकं मागून आपटलं. जखम नव्हती, पण वास येईनासा झाला. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी गेले होते. नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू हिसक्याने तुटतात, म्हणाले, पुष्कळदा जुळत नाहीत. वास मेंदूत जिथे पोचतो, तिथेच आठवणी आणि माया राहतात. जीव जडण्यात नाकाचा वाटा किती, हे नेमकं कोणालाच सांगता येत नाही.

रिक्षात ती म्हणाली, "काकू, तो शेजारी येऊन बसतो आणि लिफ्टमध्ये कोणी उभं असावं तसं वाटतं. चांगला आहे. पण माझा कोण आहे?"

"सांग की त्याला."

"काय सांगू? माझ्याकडे तेवढंच एक होतं."

वास गेल्याचं प्रज्ञेशला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मी गुरुवार करायला सांगितले, मला दुसरं काय येतं? तिने केले नाहीत. एकदा मात्र आरतीच्या तबकातली कापराची वडी उचलून तिने नाकाशी धरली. डोळ्यांत पाणी आलं. "वास नाही येत, पण आत थंड झिणझिणतं. काहीतरी कळतंय, काकू." तेव्हापासून रोज यायची.

काल प्रज्ञेश लवकर घरी आला. माझं दार उघडंच होतं. देवासमोर ती बसलेली, डोळे मिटलेले, हात जोडून नाकाशी नेलेले. हातांच्या आत कापूर होता, तो त्याला कुठून दिसणार?

"वा! म्हणून हल्ली माझ्यापासून लांब बसतेस," तो म्हणाला. "आठवली शेवटी जात?"

"जात नाही रे. नाक." आणि तिने सगळं सांगून टाकलं, माझ्यासमोरच. लिफ्टचंसुद्धा.

तो हसला. "आजवर लोकांनी आम्हाला बघून नाकं मुरडली. नाकच नाही म्हणून सोडणारी तू पहिलीच."

"मी सोडत नाहीये तुला."

"मग आवडतो मी अजून?"

एक शब्द खोटा बोलली असती तर तो थांबला असता. बोल बाई, म्हणून मी मनात देवाला हात जोडले. तिने हातातला कापूर परत तबकात ठेवला. तो बॅग भरून विश्रांतवाडीला आईकडे गेला.

आज आरती झाल्यावर मीच प्रसाद घेऊन समोर गेले. तिच्या मांडीवर बसमधला तो स्वेटर होता. तिने तो माझ्यापुढे धरला.

"काकू, येतो का अजून?"

मी हुंगला. "येतो."

"कसा?"

मी पुन्हा हुंगला. "माणसाचा असतो तसाच गं," म्हटलं.

तिने मान डोलावली. स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, दाबून हवा काढली आणि पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली.

"उडून जायला नको," म्हणाली.