गल्लीनं रेडिओ बंद ठेवला

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. पुढं सारी जिंदगी शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे भरण्यात गेली. लिहिताना कुठं चुकलं तर चुकलं. मला कुणाला शहाणपण सांगायचं नाही. माझ्या बायकोचा आवाज कसा गेला, तेवढं सांगायचंय. माणूस सगळ्यांचंच जातं. पण हिचा आवाज राहू शकत होता. त्याची सगळी सोय झालेली होती.

नव्वदच्या पुढची चार-पाच वर्षं आमच्या भागात दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर विचारांचा एक कार्यक्रम लागायचा. कुणी प्राध्यापक नाहीतर डॉक्टर यायचा आणि एकेका विषयावर बोलायचा. धर्म म्हणजे काय, भाषा कशी बदलते, माणसाला भीती का वाटते, असलं. शेवटी ऐकणाऱ्यांची पत्रं वाचायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्यात डोळा लागायचा. हिला मात्र त्या वेळेत कुणी हाक मारलेली खपायची नाही.

ही सातवी शिकलेली. ऐकायची म्हणजे गप बसून ऐकायची नाही, रेडिओशी भांडायची. भाकरी थापता थापता मान वर करून त्या डब्याकडं बघायची. एकदा आतला माणूस म्हणाला, आपली संस्कृती त्यागावर उभी आहे. हिनं पिठाचा हात तसाच उगारला.

"त्याग कुणाचा, त्ये सांगा की! आता गप का बसलासा?"

मी म्हटलं, "अगं, त्यो तुझं ऐकतोय व्हय?"

"न्हाय ऐकत, म्हणून तर बोलतोय. ऐकणाऱ्याम्होरं कशाला वरडू? तुमच्याम्होरं वरडतो का कधी?"

"रोजच की."

"मग तुमी बी ऐकत न्हाईसा."

असं चालायचं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि तिसरा तो रेडिओ. कधी कधी मला त्याचा राग यायचा. माझ्याशी बोलताना तिच्या डोळ्यांत तसलं तेज नसायचं, हे मला दिसायचं.

मग एका वर्षी रेडिओवाल्यांनी जाहीर केलं की, पत्रं लिहिता ती लिहिता, आता तुम्हीच येऊन बोला. राजारामपुरीत एका हॉलमध्ये श्रोत्यांना बोलावलं. माझी दुपारची पाळी होती. ही एकटीच सिटी बसनं गेली. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसली होती. तिथं एकेकाला आतल्या खोलीत घेऊन दार लावायचे आणि मशिनीपुढं बोलायला लावायचे. हिचा नंबर दुपारी उशिरा लागला म्हणे.

मी पाळीवरून आलो तर ही जागी. ताट वाढून समोर बसली. हसू दाबून गाल नुसते वर आलेले.

"काय बोललीस?"

"रेडिओवर ऐका की."

"अगं, थोडं तरी सांग."

"आत्ताच सांगितलं तर त्या दिवशी काय ऐकशीला? माझ्या तोंडाकडं बघत बसशीला नुसतं." मग मला आमटी वाढता वाढता म्हणाली, "तुमचं बी सांगितलंय एक."

"माझं? काय सांगितलंस?"

"ऐका की. म्होरल्या महिन्यात लावणार हाईत."

मी पुन्हा विचारलं नाही. तिची मजा होती, म्हटलं असू दे.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून कोरी कॅसेट आणली आणि पलीकडच्या रिक्षावाल्याला दिली. गल्लीत रेडिओ आणि टेप एकात असलेलं यंत्र त्याच्याकडंच होतं. तो आम्हाला मामा-मामी म्हणायचा. त्याला बजावलं, "माझं लागलं की भरून ठेव रं. मागनं गाणीबिनी भरशील त्याच्यावर, तर बघ." तो म्हणाला, "मामी, तुमच्यावर गाणी भरली तर मला रिक्षासकट पंचगंगेत घाला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी पाणी भरताना, ही नळावर बसली ती उठली नाही. डोकं दुखतंय एवढं म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

आमच्याकडं मयत झालं की दिवस होईपर्यंत घरात रेडिओ, टीव्ही लावत नाहीत. भिंतीला भिंत लागलेले शेजारीही लावत नाहीत. कुणी सांगावं लागत नाही. आणि ही तर गल्लीतल्या प्रत्येकाच्या बाळंतपणाला, दुखण्याला धावलेली. त्यामुळं गल्लीनं जास्तच मनावर घेतलं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं रेडिओवर टॉवेल टाकला. पोरांनी मॅचचा स्कोअर ऐकायला पार मेन रोडला जायचं. माझ्या घरचा रेडिओ चुलतभावजयीनं रक्षाविसर्जनाच्या दिवशीच फडक्यात बांधून फळीवर चढवला. सगळ्यांनी मनापासून केलं. असलं प्रेम पैसे देऊन मिळत नाही, हे मला कळतं. म्हणून तर कुणाला शिवीही देता येत नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले. घर खायला उठलं. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी फडकं सोडलं आणि रेडिओ लावला. काहीतरी बोलणारं माणूस पाहिजे होतं, एवढंच. कार्यक्रम शेवटाला आला होता, पत्रं चालली होती. आणि निवेदन करणाऱ्या बाईनं हिचं नाव घेतलं. अख्खं नाव, मधल्या माझ्या नावासकट. मागच्या वेळी कोल्हापूरच्या या गृहिणी जे बोलल्या त्याला श्रोत्यांनी फार चांगला प्रतिसाद दिलाय, असं ती म्हणाली.

मागच्या वेळी! म्हणजे लागून गेलं होतं. पुढच्या महिन्याचं म्हणाले आणि आधीच लावून टाकलं.

मी तसाच अनवाणी रिक्षावाल्याच्या दारात गेलो. आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं, तसा उंबऱ्यावर बसला.

"मामा, मी टेपला हात सुदिक लावला न्हाय ओ. तुमच्या दारात दुक्क, आन मी भिंतीपल्याड रेडिओ लावू?"

"आरं, पर तीच बोलत हुती की त्यात!"

"मला काय ठावं, मामा? म्होरल्या महिन्यात म्हणाल्या हुत्या न्हवं मामी?"

आत जाऊन त्यानं कॅसेट आणली. वरचा कागदही फोडलेला नव्हता. ती माझ्या हातात द्यायला बघत होता, मी घेतली नाही.

"मारा मला, मामा."

"मारून काय हुतंय? त्यात ती बोलायला लागणार हाय?"

त्याची बायको आतून रडायला लागली. मी परत आलो. गल्लीत दारोदार फिरलो. कुणीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्यासाठी बंद ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी खाडा करून रेडिओच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी बसवलं, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. चांगल्या घरची बाई होती. म्हणाली, "काका, आमच्याकडं टेप मोजक्याच असतात. एक कार्यक्रम लागला की त्याच टेपवर पुढचा घेतो. मोठ्या लोकांचं तेवढं जपून ठेवतात."

"मग हिच्यावर आता कोण बोललंय?"

"म्हणजे?"

"तिच्या टेपवर आता कुणाचा आवाज हाय?"

तिनं खाली बघितलं. "एका प्राध्यापकांचा. लोककला कशा जपाव्यात, यावर बोललेत."

मी हसलो. त्या बाईला ते बरं वाटलं नसावं. मी विचारलं, "तुमी ऐकलं असशीला की. काय बोलली ती?"

"छान बोलल्या. अगदी सहज. विचार करायला बाईला वेळ मिळत नाही, असं काहीतरी..." मग थांबली. "की विचाराला वेगळा वेळ लागत नाही, असं म्हणाल्या? नक्की नाही आठवत, काका. आम्ही आठवड्याला इतकं ऐकतो."

"माझं काय म्हणाली का?"

तिनं पुष्कळ आठवून बघितलं. "नाही हो," म्हणाली.

मग आलेली पत्रं काढली आणि मला वाचून दाखवली. एकानं लिहिलं होतं, या भगिनीनं आमच्या मनातलंच सांगितलं. मनातलं काय, ते नव्हतं. दुसऱ्यानं लिहिलं, ग्रामीण स्त्री जागी होत आहे याचा आनंद वाटला. ही जन्मापासून कोल्हापुरात, ग्रामीण कधी झाली? तिसरा रागावला होता. चूल आणि चिंतन यांची गल्लत करू नये, असल्या बायकांना वेळ दिल्यानं कार्यक्रमाचा दर्जा घसरतो, असं त्याचं म्हणणं. त्या बाई म्हणाल्या, "याचं मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "न्हाय ओ, चुलीचं कायतरी बोलली एवढं तरी ह्याच्यामुळंच कळलं."

चौथं पत्र कागलच्या एका रिटायर मास्तरांचं. चांगलं चार पानी. इतकं लिहिणाऱ्याला नक्की आठवत असणार, असं मला वाटलं. पत्ता टिपून घेतला आणि रविवारी एसटीनं कागल गाठलं.

मास्तरांनी आगत-स्वागत केलं. "या पावणं, बसा. माझं पत्र ऐकून आलासा म्हणा की! एवढ्या लांबनं!"

मी सांगितलं, ती माझी बायको, आता नाही. त्यांनी हळहळ केली. मग बोलायला लागले. पत्रात काय लिहिलं, त्यातलं रेडिओवाल्यांनी काय गाळलं, गाळायला नको होतं, स्त्रीशिक्षणावर त्यांचे विचार काय, त्यांच्या हाताखालून किती पोरी शिकून गेल्या. पोहे आले, चहा झाला. मला मध्ये शिरायला फट मिळेना. शेवटी उठता उठता विचारलं.

"गुरुजी, ती नेमकं काय बोलली?"

"तेच की. मी लिहिलंय ना."

"तुमी तुमचं लिवलंय. तिचं काय हुतं?"

मास्तर जरा गोंधळले. चष्मा काढून पुसला. "विषय तोच होता हो. शब्द कुठं ध्यानात राहतात?"

"आवाज कसा हुता?"

"आवाज? बायकांचा असतो तसाच होता की."

परतीच्या एसटीत बसल्यावर ध्यानात आलं. चार पानं लिहिणाऱ्या माणसानं तिचं काहीच ऐकलं नव्हतं. तिचं बोलणं चालू असताना हा आपल्या मनातलं पत्र लिहीत होता. सगळे तसेच. माणसं ऐकतात असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक जण आपली पाळी कधी येते तेवढं बघत असतात. मी तरी काय वेगळा? पण मी निदान शेजारी बसून होतो.

अजून एक वाट होती. मी कार्ड लिहिलं. चार कार्डं खराब झाली, पाचवं नीट आलं. माझ्या बायकोचं बोलणं कुणी टेप केलं असेल तर मला द्या, नाहीतर ती काय बोलली ते कळवा, एवढंच लिहिलं. ऑफिसात नेऊन दिलं, तर बाई म्हणाल्या, नक्की वाचून दाखवू. त्यांनी शब्द पाळला. कार्ड पुढच्याच गुरुवारी वाचलं गेलं. निवेदिकेनं ते हळव्या सुरात वाचलं. मागं बासरीही लावली होती. मला ती नको होती.

पत्रं आली. ढीग आला, असं म्हणायला हरकत नाही. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कुठून कुठून. दोन-तीन गुरुवार माझ्यावरच गेले. पतिपत्नीच्या प्रेमाचा आदर्श म्हणाले. आजकालच्या तरुणांनी धडा घ्यावा म्हणाले. एकानं माझ्यावर कविता केली. रिक्षावाला येऊन म्हणाला, "मामा, तुमी फेमस झालासा!" आणि लगेच त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्या सगळ्यात कॅसेट एकाचीही नव्हती. मी एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, प्रश्नाचंच कौतुक केलं.

पुढं तो कार्यक्रम बंद झाला. आता दोन हजार सालही मागं पडलं. मोबाईलवर रेडिओ लागतो, दिवसभर गाणी आणि हसणं. मी लावत नाही. तिचा आवाज आठवायला बसतो, पण अलीकडं तो येत नाही. तिची वाक्यं येतात. "तुमचं बी सांगितलंय एक" हे रोज येतं, पण ते माझ्याच आवाजात. खोकल्यानं बसलेल्या, म्हाताऱ्या आवाजात. माझं काय सांगितलं असेल? चांगलं असेल की चिडवायचं? तिच्या मनात माझ्याबद्दल काय होतं ते तिनं अख्ख्या मुलखाला सांगितलं, आणि एक मी सोडून ज्यांना त्याचं काही नव्हतं ते सगळे ऐकून विसरून गेले.

त्या ढिगातलं एकच पत्र मला खरं वाटलं. गडहिंग्लजकडच्या कुठल्या तरी खेड्यातल्या बाईचं होतं, दोन-तीन ओळींचं. रेडिओवर ते वाचलं नाही. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऑफिसातल्या बाईंनी ते मला वेगळं दाखवलं. तिनं लिहिलं होतं, मी ऐकलं होतं, पण तव्यावर भाकरी होती आणि पोरगं रडत होतं, म्हणून काय बोलल्या ते ध्यानात राहिलं नाही, माफी असावी. आवाज चांगला होता.

आवाज चांगला होता, हे मला ठाऊकच होतं.